मी करून दिलेली इस्लामची ओळख

एका मुलीचं ठरलेलं लग्न माझ्यामुळे मोडलं. मी कुणाची निंदा केली नव्हती, निनावी पत्र लिहिलं नव्हतं, कुणाचे कान भरले नव्हते. मी एक भाषण केलं होतं, आणि भाषण चांगलं झालं होतं. पुढचं सांगताना मी मधूनमधून विनोद करीन. घरचे म्हणतात ती माझी खोड आहे. असेल. पण त्याशिवाय हे माझ्या तोंडून निघणार नाही.

चाकणच्या ज्या कारखान्यात गिअरचे दात मोजण्यात माझं आयुष्य गेलं, तिथे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेच्या सोयीसाठी कधीकाळी कुणीतरी ठरवलेली. ती आम्हा दोघांच्याही देवाला उपयोगाची नाही. मी ख्रिस्ती, मला रविवारी सकाळी चर्चला जायचं असतं. माझ्या शेजारच्या टेबलावरचे भाई मुसलमान, त्यांना शुक्रवारी दुपारी मशिदीत. म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही आपसात ठरवून टाकलं. शुक्रवारी तासभर त्यांच्या टेबलावरचे पीस मी तपासायचे, रविवारी मी बारा वाजता उगवेपर्यंत माझे त्यांनी. सुपरवायझर बदलत गेले, प्रत्येकाला आम्ही हे सांगितलं आणि प्रत्येकानं ऐकलं नसल्यासारखं केलं. हिशेब केला तर त्यांनी माझ्यासाठी कितीतरी जास्त तास मोजलेत. पण आमच्या उपासनेत गाणी फार, त्याला मी काय करणार?

कंपनीत मला मास्तर म्हणतात. मी शिकवत कुणालाच नाही, पण न विचारता समजावून सांगतो, म्हणून.

गेल्या वर्षी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या मनात आलं की मंडळीला शेजाऱ्यांच्या धर्मांची ओळख करून द्यावी. बौद्ध धर्मावर बोलायला निगडीचे एक निवृत्त प्राध्यापक मिळाले. इस्लामसाठी कुणी मिळेना.

“बंधू, तुमचे एक मुस्लिम मित्र आहेत ना?” पाळकसाहेब म्हणाले.

एवढ्या पात्रतेवर माझी निवड झाली. ज्याचा मेहुणा कंडक्टर आहे त्याच्या हातात बस द्यावी तसं.

मी घरी ही बातमी छाती काढून सांगितली. बायको मेथी निवडत होती.

“एकोणीस वर्षं त्यांच्या घरचा खिचडा खाताय, आणि अभ्यास आत्ता?”

“खाताना विचारायचं सुचत नाही गं.”

“तेच म्हणते मी.”

पण मी अभ्यास केला. नगरच्या एका नातेवाइकानं एक जुनी पुस्तिका दिली, झेरॉक्सची झेरॉक्स. तिच्यावरून मी बारा पानं लिहिली. तेवढ्या पानांत मी इस्लामच्या तेरा-चौदा शतकांची सोय लावली. मग आम्ही कारखान्यातले लोक करतो तेच केलं. तयार झालेला माल तपासायला दुसऱ्याकडे दिला.

जेवणाच्या सुट्टीत भाईंनी चष्मा लावला. ते मूळचे खेड तालुक्यातले, त्यांच्या आधीच्या चार पिढ्या तिथेच गेल्या. घरात दखनी बोलतात, आमच्याशी मावळी मराठी. हातात लाल पेन होतं, ज्यानं आम्ही नापास पीसवर खूण करतो.

“पयल्याच पानावर रिजेक्ट,” ते म्हणाले. “तुमी आमाला मुहम्मदी लिवलंय.”

“मग? आम्ही ख्रिस्ताचे ते ख्रिस्ती.”

“तुमी त्यांची भक्ती करता. आमी पैगंबरसाहेबांची भक्ती न्हाई करत, मास्तर. त्यांच्यावर जीव हाय. भक्ती एकाचीच. स्वतःला त्याच्या हवाली करायचं, ते इस्लाम.”

मी खोडलं, लिहिलं. कलमा, नमाज, रोजा, जकात, हज हे पाच स्तंभ माझे बरोबर निघाले. रोजाच्या ओळीवर मी जरा घुटमळलो, कारण ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात मी चहा सोडला होता आणि तो निश्चय बुधवारी सुरू होऊन शुक्रवारी संपला होता. हे भाईंना माहीत होतं. कॅन्टीनमध्ये तो चहा त्यांनीच माझ्यापुढे सरकवला होता.

मग येशूचं पान आलं. त्यांच्या ग्रंथात तो आहे, हे मी पुस्तिकेत वाचलं होतं, पण तो किती आहे हे मला माहीत नव्हतं. कुमारी मरीयेच्या पोटी जन्मलेला, आंधळ्यांना दृष्टी देणारा, मेलेल्यांना उठवणारा, मसीह म्हटलेला. मरीयेच्या नावाचा तर त्यात सबंध अध्याय आहे. भाईंनी तो भाग अरबीत हलक्या आवाजात म्हटला. शेजारच्या टेबलावरच्या पोरांनी क्रिकेटचं बोलणं थांबवलं. मला अर्थ कळला नाही, पण आपल्या घरातल्या माणसाचं कौतुक परक्या गावात ऐकावं तसं काहीतरी झालं.

“पण वधस्तंभावर तो मेला, हे तुम्ही मानत नाही,” मी म्हणालो.

“न्हाई. अल्लानं त्याला उचलून घेतलं. आपल्या लाडक्याला कोण असं मरू देईल?”

आमचा सगळा धर्म ह्या एका मरणावर उभा आहे. मी त्यांना सांगितलं की त्यानं मरू दिलं, हीच तर आमच्यासाठी प्रीती. त्यांना ते पटलं नव्हतं. पण हसलेही नाहीत.

त्रैक्याचं, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ह्याचं, मात्र मी हसं करून घेतलं. पाणी, बर्फ, वाफ असा आमच्या पोरांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेतला दाखला दिला. भाई म्हणाले, “एकाच पीसची तीन मापं आली, तर आपन काय करतो?”

“गेज तपासतो.”

“मंग बगा बाबा.”

आणि एक गोष्ट राहिली होती. मी लिहिलं होतं की आम्ही देवाला बाप म्हणतो, ते स्वतःला त्याचे बंदे, म्हणजे दास, म्हणतात, आणि ह्यात आमचं नातं जास्त जवळचं. भाईंनी त्या ओळीवर पेन ठेवलं, पण खूण केली नाही. “राहू द्या,” म्हणाले. “पोरगं उशिरा आलं तरी बाप घरात घेतो, ते खरंय. बंदा आपला येळेवर येतो.”

मी इतका हसलो की ताक नाकात गेलं. आणि त्याच भरात म्हणालो, “भाई, तुम्ही याच ऐकायला. मी चुकलो तर हात वर करा.”

तेव्हा त्यांच्या मुलीची मंगनी होऊन दोन महिने झाले होते. मुलगी फार्मसी शिकलेली, हिंजवडीला कामाला. मुलगा देहूरोडचा, चांगला. लग्न रमजाननंतर. भाई पाहुण्यांची यादी गेज ठेवायच्या कप्प्यात ठेवत आणि रोज एक नाव वाढवत. माझ्या घरातल्या चौघांची नावं पहिल्या पानावर होती.

त्या रविवारी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा आमची दोन्ही टेबलं रिकामी राहिली. भाई इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. दारात विचारलं, “टोपी घालू का काढू?” आमच्यात पुरुष उघड्या डोक्यानं बसतात, म्हणालो. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली आणि शेवटच्या बाकावर बसले.

भाषण झालं. मी सगळं भाईंनी दुरुस्त केलेलं सांगितलं. कुठे आपण सोबत चालतो, कुठे रस्ते वेगळे होतात, आणि वेगळे झाल्यावरही माणूस एकमेकांचं काम कसं सांभाळतो. हात वर झाला नाही. लोक टाळ्या वाजवत होते. मी आयुष्यात इतका बरा कधीच बोललो नव्हतो.

आता आमच्या मंडळीची एक रीत सांगितली पाहिजे. उपासनेनंतर नवीन आलेल्यांना उभं करतात. त्यांच्यासाठी स्वागताचं गाणं होतं. मग त्यांना पुढे बोलावतात, वडीलमंडळी त्यांच्या डोक्यावर-खांद्यावर हात ठेवतात आणि त्यांच्या तारणासाठी, म्हणजे त्यांनी प्रभूला शरण यावं म्हणून, प्रार्थना करतात. प्रेमानं करतात. मी पन्नास वर्षं ही रीत पाहतोय. भाषणात मी सगळ्या जगाचा विचार केला आणि हिचा केला नाही.

“आज आपल्यात एक नवे बंधू आलेत,” मंडळीचे सेक्रेटरी म्हणाले.

भाई उभे राहिले. पाहुणा म्हणून गेलेल्या घरात सांगितलं तर उभं राहायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी स्टेजवर होतो आणि माइक माझ्या हातात होता. “हे माझे पाहुणे आहेत, त्यांना बसू द्या,” एवढं एक वाक्य लागत होतं. पण पहिल्या रांगेतल्या एक आजी डोळे पुसत मला म्हणत होत्या, “केवढं काम केलंस रे लेकरा!” सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती, आणि जन्मात पहिल्यांदा मी कुणाला तरी प्रभूकडे आणणारा माणूस होतो. मला ते दोन मिनिटं आवडलं. हे मी अजून पाळकसाहेबांनाही सांगितलेलं नाही.

भाई पुढे आले. चार हात त्यांच्या डोक्यावर ठेवले गेले. त्यांनी मान खाली घातली, यजमानाचा अवमान होऊ नये म्हणून. सेक्रेटरींनी फोटो काढला.

बाहेर चप्पल घालताना ते म्हणाले, “भाषण झ्याक झालं.” आणि थोड्या वेळानं, “त्ये शेवटचं काय व्हतं?”

“आमची पद्धत आहे. आशीर्वादासारखं.”

“हां,” म्हणाले.

दुपारपर्यंत फोटो मंडळीच्या ग्रुपवर होता. खाली लिहिलं होतं: आज एक मुस्लिम बंधू प्रभूच्या चरणी आले, देवाची स्तुती असो. फोटोत मी नाही. चार हात आहेत आणि खाली घातलेली मान. बुधवारी तो देहूरोडला पोचला.

गुरुवारी सकाळी भाईंचा फोन आला. “मास्तर, माज्यासंगं जरा येता का?”

आम्ही देहूरोडला गेलो. मुलाचे वडील निवृत्त फोरमन. अदबीचा माणूस. चहा आला, खारी आली. मी निष्पापपणे, म्हणजे मूर्खपणे, भाईंची बाजू मांडायला लागलो. भिंतीवर काबेची तसबीर असलेल्या त्या घरात मी त्यांना सांगायला सुरुवात केली की इस्लामचे पाच स्तंभ असतात आणि भाई ते सगळे कसे पाळतात. तिसऱ्या स्तंभावर भाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“साहेब,” मुलाचे वडील म्हणाले, “भाईंवर आमचा शक नाही. ते सांगतात ते खरंच असणार. पण उद्या लग्नात लोक जेवायला बसतील आणि हाच फोटो एकमेकांना दाखवतील. मुलगी सून होऊन येईल तेव्हा तिलाही दाखवतील. ज्यांनी लिहिलं त्यांनीच लिहावं, की असं काही झालं नव्हतं. त्याच ग्रुपवर. मी तेच पुढे पाठवीन. बात खतम.”

“रविवारपर्यंत करतो,” मी म्हणालो.

“आणि एक विचारू? राग नका मानू. तुम्ही तिथेच होता ना? मग बोलला का नाहीत?”

मी खारीचा तुकडा चहात बुडवला. तो पडला. मी चमच्यानं शोधत बसलो.

पाळकसाहेबांकडे गेलो तर तिथे वेगळीच भीती बसलेली होती. चिखलीकडे एका घरातल्या प्रार्थनेवर लोक चालून गेल्याचं त्यांनी ऐकलं होतं. फोटो त्यांनी आधीच काढून टाकायला लावला होता.

“बंधू, समजून घ्या. ‘आला’ लिहिलं तर म्हणतील धर्म बदलतात. ‘नाही आला’ लिहिलं तर म्हणतील, म्हणजे प्रयत्न केला होता. आता काहीच न लिहिणं बरं.”

मी म्हणालो, मी लिहितो. सेक्रेटरींनी ग्रुपवर फक्त पदाधिकाऱ्यांनाच लिहिता येईल अशी सोय करून ठेवली होती. तरी पाळकसाहेब वाईट माणूस नाही. म्हणाले, “उपासनेत सूचनांच्या वेळी तुम्ही स्वतः उभे राहून बोललात, तर मी अडवणार नाही.”

तो एवढा दरवाजा उघडा होता.

रविवारी माझे पीस तपासायला भाई सहाच्या बसनं कंपनीत गेले. माझ्या खिशात चार ओळींची चिठ्ठी होती. स्त्री-मंडळाची बैठक, सहलीची नावनोंदणी, सगळं वाचून झालं. मी उभा राहिलो. सगळ्यांनी वळून बघितलं. आठवडाभर ते माझ्याकडे जसं बघत होते तसंच, कौतुकानं. त्या आजींनी शेजारणीला कोपरानं ढोसलं, हाच तो, म्हणून.

“बोला बंधू. काही प्रार्थनेची विनंती आहे का?” सेक्रेटरी म्हणाले.

“हो,” मी म्हणालो. “माझी शुगर वाढलीये. त्यासाठी प्रार्थना करावी.”

त्यांनी केली. मनापासून केली. मी डोळे मिटून उभा होतो.

बारा वाजता कंपनीत पोचलो. भाईंनी मायक्रोमीटर खाली ठेवला.

“बोललात?”

“झालं,” मी म्हणालो.

ते लगेच बाहेर गेले. काचेतून मला दिसत होते, गेटजवळच्या कडुलिंबाखाली फोनवर बोलताना, मोकळेपणानं, एक हात हलवत. देहूरोडला सांगत होते, हे मला नंतर कळलं, की आमच्या मास्तरांनी भर मंडळीत उभं राहून सगळं साफ केलं, ग्रुपवरचं आज-उद्या येईल.

मुलाच्या वडिलांनी दोन दिवस वाट पाहिली. मग त्यांच्या ओळखीच्या एका ख्रिस्ती माणसाला विचारलं. तो आमच्याच मंडळीतला निघाला. त्यानं खरं ते सांगितलं. म्हणाला, रविवारी तसं काही झालं नाही, त्यांच्या शुगरसाठी प्रार्थना झाली.

गुरुवारी मंगनीचे कपडे, अंगठी, सुकामेव्याची परात, सगळं परत आलं. फोटोचं त्यांनी सोडून दिलं असतं, असा निरोप होता. पण मुलीच्या बापानं शब्द दिला आणि तो खोटा निघाला. आता कशावर विश्वास ठेवायचा?

शुक्रवारी मशिदीत जायच्या आधी भाई हात धुऊन माझ्या टेबलापाशी आले आणि मला हे सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला कुठेतरी धरून उभं राहता आलं असतं.

“भाई, मला माफ करा.”

“केलं.”

मला इतकं हलकं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. आमच्यात असंच असतं. चुकलो म्हणून देवापुढे रडायचं, तो क्षमा करतो, पापी मोकळा होऊन घरी जातो आणि जेवतो. मग भाईंनी मला ते सांगितलं, जे माझ्या बारा पानांत नव्हतं आणि पुस्तिकेतही नव्हतं.

“माजं मी माफ केलं. पण तुमी माज्या पोरीचं नुकसान केलं. त्ये मला माफ करता येत न्हाई, मास्तर. अल्लाबी त्यात आदी पडत न्हाई. जिचं केलं तिच्याकडंच मागाया लागतं.”

आणि ते नमाजाला गेले. मी त्यांचे पीस तपासले. एकच पीस दोनदा मोजला, तीनदा मोजला, तरी आकडा डोक्यात शिरेना.

पुढच्या गुरुवारी सकाळी मी कासारवाडीला त्यांच्या घरी गेलो. भाई बाजारात गेले होते. ती ऑफिसला निघाली होती. तिनं मला आत बसवलं, पाणी दिलं. आतल्या खोलीत तिची आई होती, पण बाहेर आली नाही. एरवी मी जिन्यात असतानाच त्यांचा आवाज यायचा, मास्तर आले, चहा टाका.

मी बस थांब्यापासून वाक्यं तयार करत आलो होतो. न विचारता समजावून सांगणारा माणूस मी. त्यातलं एकच बाहेर पडलं.

“बेटा, मी खोटं बोललो. मला माफ कर.”

“असं नका म्हणू काका. तुम्ही मोठे आहात.”

मी वाट बघितली. तिनं ओढणी सारखी केली, डबा पर्समध्ये टाकला. ह्यापुढे ती काही म्हणणार नव्हती. जे म्हणाली ते अदबीचं होतं. मी जे मागायला आलो होतो ते त्यात नव्हतं, आणि दुसऱ्यांदा मागायचं धाडस मला झालं नाही.

आम्ही सोबतच खाली उतरलो. कंपनीची गाडी यायला पाच मिनिटं होती. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, “काका, एक सांगू? अब्बा तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.”

“सांग ना.”

“तुम्ही आमच्याकडे येत जाऊ नका. बिल्डिंगमधले लोक विचारतात, ते चर्चवाले परत आले का म्हणून. अम्मींना त्रास होतो.”

“बरं,” मी म्हणालो. आणि मग, जणू हजेरीपटावर भरायचं असावं तसं विचारलं, “किती दिवस?”

तिनं खरंच विचार केला. चिडून नाही, टाळायला नाही.

“माझं कुठेतरी जमेपर्यंत,” ती म्हणाली. तेवढ्यात गाडी आली.